फाइल न उघडता कळलेला बदल

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीला इथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. नंगाऱ्याच्या रूपातली ही वास्तू उघडली आणि गावाविषयीच्या लिखाणातलं एक वाक्य त्या दिवशी जुनं झालं : ‘संग्रहालयाचं काम सुरू आहे.’

समजा, गावाची ही माहिती संगणकावरच्या एका साध्या मजकूर फाइलीत आहे आणि ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो ‘गिट’ या प्रणालीच्या देखरेखीखाली आहे. कुणीतरी फाइल उघडली, ते एक वाक्य बदललं, सेव्ह केलं आणि संगणक बंद करून घरी गेलं. हे होत असताना गिट चालूसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरंच कुणी येऊन ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा देतं आणि क्षणात उत्तर मिळतं : ही फाइल बदलली आहे. फोल्डरमध्ये आणखी हजारो फाइली असल्या तरी बोट याच फाइलीवर पडतं.

कुणी पाहत नसताना झालेला बदल कळतो कसा? या प्रश्नाच्या मागे गेलं की संगणकशास्त्रातल्या काही अतिशय सुंदर कल्पना एकामागून एक भेटतात.

आधी फक्त चौकशी

गिट लिहिलं लायनस टोरवाल्ड्स यांनी, एप्रिल २००५ मध्ये. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं काम जगभरचे प्रोग्रॅमर मिळून करत होते. त्यासाठी वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ या प्रणालीची मोफत परवानगी संपली आणि टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच स्वतःची प्रणाली उभी केली. लिनक्स कर्नलमध्ये आज सत्तर हजारांहून अधिक फाइली आहेत. ‘काय बदललं?’ असं विचारल्यावर दर वेळी त्या सगळ्या उघडून वाचायच्या तर काम करणाऱ्याला बसून राहावं लागेल. म्हणून गिटची पहिली खटपट असते ती फाइल न उघडण्याची.

प्रत्येक फाइलीबद्दल ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःहून काही नोंदी ठेवते : फाइल किती बाइटची आहे, शेवटची कधी लिहिली गेली, डिस्कवरच्या यादीत तिचा क्रमांक काय, ती वापरण्याची परवानगी कुणाला आहे. या नोंदी मिळवायला आतला मजकूर वाचावा लागत नाही. गिटकडे ‘इंडेक्स’ नावाची स्वतःची वही असते. फाइल शेवटची पाहिली तेव्हाच्या या सगळ्या नोंदी गिटने त्या वहीत उतरवून ठेवलेल्या असतात. ‘स्टेटस’ विचारलं की गिट ऑपरेटिंग सिस्टिमकडे एकेका फाइलीची चौकशी करतं आणि मिळालेल्या नोंदी वहीशी ताडून पाहतं. सगळं जुळलं तर फाइल न उघडता पुढे जातं. हजारो फाइलींचा निकाल असा बाहेरच्या बाहेर लागतो.

आपल्या फाइलीचं मात्र जुळत नाही. तिची वेळ नवी आहे. वेळ बदलली एवढ्यावर गिट निकाल देत नाही, कारण कुणी फाइल उघडून काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केली तरी वेळ बदलते. तेव्हा अशी संशयित फाइल आता उघडायची आणि खात्री करायची. खात्रीअंती मजकूर तोच निघाला, तर गिट वहीतली वेळ दुरुस्त करतं आणि फाइल निर्दोष सोडतं.

या पद्धतीत एक बारीक फट आहे. फाइलीची नोंद वहीत झाली आणि घड्याळाचा काटा पुढे सरकायच्या आत कुणी त्याच फाइलीत ‘क’ च्या जागी ‘ख’ लिहिला, तर आकार तोच आणि वेळही तीच राहील. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही. गिटच्या कर्त्यांनी ही फट ओळखली आणि तिला ‘रेसी गिट’ असं नाव दिलं. त्यावरचा उपाय असा : फाइलीची वेळ खुद्द वही लिहिल्याच्या वेळेइतकी ताजी असेल, तर त्या फाइलीच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, फाइल उघडून वाचायची. आपली नोंद नेमकी कुठे अविश्वसनीय आहे, हे त्या नोंदवहीलाच ठाऊक असतं.

चाळीस चिन्हांचा ठसा

फाइल उघडली. आता मजकूर तोच आहे की नाही, हे ठरवायचं कसं? जुनी प्रत शेजारी ठेवून एकेक बाइट ताडता येईल. गिट त्याऐवजी मजकुराचा ठसा घेतं, म्हणजेच त्याचा हॅश काढतं.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. एका फाइलीत फक्त ‘पोहरादेवी’ एवढा शब्द लिहून एन्टर दाबला आहे, असं धरू. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. संगणकाच्या दृष्टीने तिथे नऊ चिन्हं आहेत : प, ओकाराची खूण, ह, र, काना, द, मात्रा, व आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे शब्दाचे २७ बाइट आणि एन्टरचा एक, मिळून २८. गिट या मजकुराआधी ‘ब्लॉब २८’ अशी पाटी आणि एक शून्य बाइट जोडतं आणि सगळं मिळून ‘शा-१’ नावाच्या गणिती प्रक्रियेतून काढतं. बाहेर येते १६० बिटांची एक संख्या. ती चाळीस चिन्हांत लिहिली जाते.

मजकूर एका शब्दाचा असो की हजार पानांचा, ठसा चाळीस चिन्हांचाच. आणि तोच मजकूर पोहरादेवीत लिहिला, पुण्यात लिहिला किंवा टोरांटोत, ठसा तोच. एकही बाइट नसलेल्या रिकाम्या फाइलीचा ठसा जगातल्या शा-१ वापरणाऱ्या प्रत्येक गिटमध्ये ई६९डीई२९ असाच सुरू होतो. गिट चालवणाऱ्या पुष्कळांना तो पाहून पाहून पाठ झालेला असतो.

आता ‘क’ चा ‘ख’ करून पाहू. युनिकोडमध्ये ही दोन अक्षरं शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे फाइलीतले फक्त दोन बिट बदलतात. ठशातले मात्र १६० पैकी सरासरी निम्मे बिट उलटतात. बदल किती लहान होता याचा मागमूससुद्धा ठशात उरत नाही. अशा ठशांची एकूण संख्या एकावर ४८ शून्यं दिल्यावर होणाऱ्या संख्येपेक्षाही मोठी आहे. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा योगायोगाने एकच येण्याची भीती व्यवहारात उरत नाही.

योगायोगाने नाही, पण मुद्दाम? २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. त्या तयार करायला नऊशे कोटी गुणिले शंभर कोटी एवढ्या प्रमाणात ठसे काढावे लागले होते. त्यानंतर गिटने असा बनाव ओळखणारी शा-१ ची सुधारित आवृत्ती वापरायला घेतली आणि २०२० मध्ये शा-२५६ या अधिक लांब ठशाची सोयही प्रायोगिक स्वरूपात दिली.

गिटमध्ये हा ठसा मजकुराची खूण तर असतोच, शिवाय मजकुराचं नावही तोच असतो. गिटच्या कोठारात मजकूर ठेवला जातो तो या ठशाच्या नावाने. एकच मजकूर दहा फाइलींत असला तरी कोठारात तो एकदाच राहतो. म्हणून ‘मजकूर बदलला का?’ हा प्रश्न ‘नाव तेच आहे का?’ एवढा लहान होतो.

गाव, तालुका, जिल्हा

इथून पुढची कल्पना मला सगळ्यांत देखणी वाटते. समजा, ‘वाशीम’ नावाचा फोल्डर आहे. त्यात जिल्ह्याच्या सहा तालुक्यांचे सहा फोल्डर : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. प्रत्येक तालुक्यात एकेका गावाची फाइल. गिट फाइलींचे ठसे काढतं तसे फोल्डरचेही काढतं. मानोरा फोल्डरचा ठसा म्हणजे त्यातल्या फाइलींची नावं आणि त्यांचे ठसे यांच्या यादीचा ठसा. जिल्ह्याचा ठसा तालुक्यांच्या ठशांवरून निघतो.

पोहरादेवीच्या फाइलीतलं एक वाक्य बदललं की त्या फाइलीचा ठसा बदलतो. त्यामुळे मानोऱ्याचा बदलतो आणि त्यामुळे जिल्ह्याचाही. बाकीच्या पाच तालुक्यांचे ठसे जसेच्या तसे राहतात. आता कालचा आणि आजचा जिल्हा ताडायचा असेल तर गिट वरून सुरुवात करतं. जिल्ह्याचा ठसा वेगळा आहे, म्हणजे आत कुठेतरी बदल आहे. रिसोडचा तोच आहे, मग रिसोडमध्ये पाऊलही टाकायचं नाही. कारंजाचा तोच, तोही सोडायचा. मानोऱ्याचा वेगळा, तिथे शिरायचं. दोन-तीन पावलांत गिट थेट गावात पोहोचतं.

ठशांच्या अशा उतरंडीला ‘मर्कल ट्री’ म्हणतात. राल्फ मर्कल या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये ही कल्पना मांडली. तिचा मोठा लाभ असा की सगळ्यांत वरचा एक ठसा हाती असेल, तर खालच्या प्रत्येक गावातल्या प्रत्येक अक्षराची शहानिशा करता येते. गिटमधली प्रत्येक नोंद, म्हणजे कमिट, असा एक वरचा ठसा धरून ठेवते आणि आधीच्या कमिटचा ठसाही सोबत ठेवते. दहा वर्षांपूर्वीच्या प्रतीत कुणी गुपचूप एक काना वाढवला, तर तेव्हापासून आजपर्यंतच्या प्रत्येक कमिटचं नाव बदलावं लागेल. जुन्या इतिहासात ढवळाढवळ केली की ती अशी उघडी पडते.

डोळ्यांना एक, यंत्राला तीन

यंत्र बाइट पाहतं, अक्षर पाहत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना याचा अनुभव फार ठळकपणे येतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला आडवा रफार युनिकोडमध्ये किमान तीन प्रकारे लिहिता येतो. एक, मराठीतल्या ‘ऱ’ चं स्वतंत्र चिन्ह वापरून. दोन, साध्या ‘र’ खाली नुक्ता जोडून. तीन, ‘र’, हलन्त आणि त्यानंतर अक्षरं जोडणारं एक अदृश्य चिन्ह टाकून. योग्य फाँट असेल तर पडद्यावर तिन्ही ‘ऱ्या’ एकसारखे दिसतात. मुद्रितशोधकाचा कसलेला डोळाही फरक सांगू शकणार नाही. बाइट मात्र वेगळे, म्हणून ठसेही वेगळे. एकाने मोबाइलवर लिहिलेला परिच्छेद दुसऱ्याने संगणकावर तसाच पुन्हा टंकला, तर गिट बदल दाखवेल आणि दोघंही पडद्याकडे पाहत राहतील : बदललं काय? विंडोजवर ओळीच्या शेवटी येणारं जादा अदृश्य चिन्हही असंच चकवतं.

पोहरादेवीच्या संदर्भात ही गोष्ट आणखी खोल जाते. बंजारा समाजाच्या गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एकच शब्द तीन गावांतल्या तीन जणांनी लिहिला, तर उच्चार एक आणि लिप्या तीन. गिटला या तीन ओळींत साम्य दिसणार नाही.

पण त्या बाइटांत जरा खोल डोकावलं तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. ‘सेवालाल’ मधला ‘स’ घेऊ. देवनागरीत त्याचे तीन बाइट आहेत २२४, १६४, १८४. तेलुगूतल्या ‘स’ चे २२४, १७६, १८४. कन्नडमधल्या ‘स’ चे २२४, १७८, १८४. पहिला आणि शेवटचा बाइट तिन्ही लिप्यांत एकच आहे. फक्त मधला लिपीप्रमाणे बदलतो. हा योगायोग नाही. भारतीय लिप्यांसाठी १९८० च्या दशकात ‘इस्की’ नावाचं मानक तयार झालं. त्यात ब्राह्मीकुळातल्या प्रमुख भारतीय लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने मांडली होती. युनिकोडने या लिप्यांना जागा देताना तीच मांडणी पुढे चालवली, म्हणून प्रत्येक लिपीच्या पट्ट्यात ‘स’ एकाच ठिकाणी बसला आहे. या लिप्यांचं सख्खं नातं असं बाइटांतही टिकून राहिलं आहे. गिट ते नातं पाहत नाही, पण पाहण्याची तऱ्हा माहीत असणाऱ्या प्रोग्रॅमला ते काढता येतं.

नेमकं काय बदललं?

फाइल बदलली हे ठशाने सांगितलं. काय बदललं, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी दोन्ही प्रती समोरासमोर मांडाव्या लागतात. या कामाला ‘डिफ’ म्हणतात.

हे काम आपल्याकडे हातांनी कसं झालं, याचं भव्य उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू केलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. देशभरातून जमवलेली १२५९ हस्तलिखितं या कामासाठी तपासली गेली. त्यांची रीत अशी : उभ्या-आडव्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर वरच्या ओळीत मुंबईत छापलेल्या प्रचलित प्रतीतला श्लोक ठळक अक्षरांत लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ. जिथे पाठ वेगळा असेल तिथे तेवढीच अक्षरं, मूळ अक्षरांच्या बरोबर खालच्या रकान्यात. वेगवेगळ्या लिप्या वाचणारे शास्त्री आणि पदवीधर हे ताडण्याचं काम करत. १९६६ मध्ये ही आवृत्ती पूर्ण झाली.

संगणकावरच्या डिफची गोष्ट १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये सुरू झाली. डग्लस मॅक्‌इलरॉय आणि जेम्स हंट यांनी युनिक्ससाठी तो प्रोग्रॅम घडवला. वेगळं काही सांगितलं नाही तर गिट आज वापरतं ती यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेली रीत, आणि तिच्याही मुळाशी एक आखलेला कागदच आहे.

जुन्या फाइलीच्या ओळी कागदाच्या वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे मांडा. नव्या फाइलीच्या ओळी डाव्या कडेला वरून खाली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून खालच्या उजव्या कोपऱ्यात पोहोचायचं आहे. उजवीकडे एक पाऊल म्हणजे जुनी ओळ खोडली. खाली एक पाऊल म्हणजे नवी ओळ घातली. आणि जिथे जुनी व नवी ओळ तंतोतंत सारखी, तिथे तिरकं पाऊल टाकता येतं आणि ते फुकट असतं. आता सगळ्यांत कमी खर्चाची वाट शोधा.

आपल्या फाइलीत चार ओळी आहेत, असं धरू : गाव कुठे आहे, समाधी, संग्रहालय आणि यात्रा. फक्त तिसरी बदलली. मग वाट अशी निघते : दोन तिरकी पावलं, एक उजवीकडे, एक खाली आणि पुन्हा एक तिरकं. खर्च दोन. पडद्यावर ‘काम सुरू आहे’ या ओळीआधी वजाची खूण येते आणि ‘उद्घाटन झालं’ या ओळीआधी अधिकाची. मायर्स यांच्या रीतीची खुबी अशी की ती आधी खर्च शून्य असलेली वाट शोधते, मग एक, मग दोन, अशी पायरीपायरीने वाढत जाते. बदल थोडे असतील तर उत्तर चटकन सापडतं, फाइल कितीही मोठी असो.

मराठीत लिहिणाऱ्याने इथे एक सवय लावून घ्यावी. डिफ ओळींवर चालतो आणि आपण सलग परिच्छेद लिहितो. त्यामुळे एका वेलांटीसाठी अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. दर वाक्य नव्या ओळीवर लिहिलं तर बदल नेमका दिसतो. शब्दाशब्दांनी ताडण्याची सोयही आहे, पण ती शब्द मोकळ्या जागेवरून तोडते. ‘पोहरादेवीला’ चं ‘पोहरादेवीच्या’ झालं की तिला पूर्ण शब्दच नवा वाटतो. विभक्ती तिला ठाऊक नाही.

साठवलेला असतो तो मजकूर

आता या सगळ्याचं मर्म. वरचा डिफ गिटच्या नोंदीत कुठेच लिहिलेला नसतो. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी बनवलेल्या ‘एससीसीएस’ पासून अनेक जुन्या प्रणाली बदलांचीच नोंद ठेवत : ही ओळ गेली, ती आली. गिट प्रत्येक कमिटला सगळ्या फाइलींची त्या क्षणाची पूर्ण स्थिती धरून ठेवतं. ठसे जुळणारा मजकूर पुन्हा साठवावा लागत नाही. पुढे जागा वाचवण्यासाठी कोठारात मजकुराच्या घड्या घातल्या जातात, पण मागितल्यावर मिळते ती पूर्ण प्रतच. बदल पाहायचा असेल तेव्हा गिट दोन स्थिती काढतं आणि तिथल्या तिथे ताडून दाखवतं. फाइलीचं नाव बदलल्याचीही वेगळी नोंद होत नाही. ‘पोहरादेवी’ नावाची फाइल कुणी ‘पोहरागड’ केली, तर गिट पाहतं की एक फाइल गेली, एक आली आणि दोघींचा ठसा एकच आहे. त्यावरून ते म्हणतं, नाव बदललं. मजकूर निम्मा जरी जुळला तरी ते हाच निष्कर्ष काढतं. मराठी विकिपीडियाच्या पानावर ‘इतिहास पहा’ दाबल्यावर दिसणारे फरकही पूर्ण आवृत्त्यांवरून असेच काढले जातात.

या निवडीत मला फार मोठं औदार्य दिसतं. बदल साठवला असता, तर आजच्या डिफची समजच इतिहासात कायमची गोठली असती. मजकूर साठवल्यामुळे प्रश्न उद्यासाठी मोकळे राहतात. उद्या कुणी विभक्ती ओळखणारा, तिन्ही ‘ऱ्या’ एक मानणारा, देवनागरीतली आणि तेलुगूतली गोरबोली एकाच ओळीत ताडणारा प्रोग्रॅम लिहिला, तर तो आजच्या जुन्या कमिटवरही तितकाच चालेल. आज ज्यांना गोरबोलीतली गाणी, तांड्यांची माहिती, आपल्या गावाचा इतिहास लिहून ठेवायचा आहे, त्यांनी परिपूर्ण साधनाची वाट पाहण्याचं कारण नाही. त्यांनी प्रत्येक टप्प्याची पूर्ण प्रत ठेवावी आणि प्रत्येक कमिटसोबत एका वाक्यात कारण लिहावं. मजकूर बदलला, हे यंत्राला कायम कळेल. तो का बदलला, हे लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं, आणि पुढच्या वाचकाला त्याच वाक्याची सगळ्यांत जास्त गरज असते.